फाफे आणि मी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं वय ४७. कल्याणहून रोज लोकलने फोर्टात जातो. बॅगेत डबा, छत्री, बीपीची गोळी आणि एक पातळसं पुस्तक असतं. पुस्तकाच्या कव्हरवर एक काटकुळा मुलगा, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. बसायला जागा मिळाली की पुस्तक बाहेर निघतं. समोरचा माणूस आधी कव्हरकडे बघतो, मग माझ्या पिकलेल्या मिशीकडे, आणि ठरलेले प्रश्न सुरू होतात. लग्नाच्या पंगतीत तेच, ऑफिसात डबे उघडल्यावर तेच. गेली वीसेक वर्षं मी उत्तरं देतोय, पण निम्म्या उत्तरावर दादर येतं आणि विचारणारा उतरून जातो. म्हणून सगळी एका जागी लिहून ठेवली आहेत.

हे लहान मुलांचं पुस्तक आहे ना?

आहे.

मग तुम्ही कशाला वाचता?

भा. रा. भागवतांचा जन्म १९१० सालचा, इंदूरचा. सत्तरच्या दशकात फास्टर फेणेची पुस्तकं पोरांच्या हातोहाती फिरत होती, तेव्हा भागवतांनी साठी ओलांडली होती. सायकलवरून सुसाट सुटणारा, नको तिथे नाक खुपसणारा हा पोरगा साठी उलटलेल्या एका गृहस्थाच्या डोक्यात मुक्कामाला होता. रोज सकाळी चष्मा पुसून ते त्याला कुठल्या तरी भानगडीत पाठवत असणार. फेण्यावर जीव जडलेला पहिला प्रौढ मी नव्हे, भागवत आहेत. मी त्यांच्या मागच्या रांगेत आहे आणि मला तिथे मुळीच अवघडल्यासारखं होत नाही.

लहानपणी हे ठाऊक नव्हतं. तेव्हा वाटायचं, ही पुस्तकं बहुधा फेणेच लिहीत असावा, आणि वेळ नसल्यामुळे नाव दुसऱ्या कुणाचं घालत असावा.

फास्टर फेणे म्हणजे नक्की कोण?

हा प्रश्न पूर्वी कुणी विचारायचं नाही. आता ऑफिसातली पंचविशीतली मंडळी विचारतात, तर सांगतो. नाव बनेश फेणे, गाव पुण्याजवळचं फुरसुंगी, शाळा पुण्याची विद्याभवन. अंगाने किडकिडीत, चौकड्यांचा शर्ट, हाताशी सायकल. काही खटकलं, सुचलं किंवा फत्ते झालं की तोंडातून ‘टॉक्’ असा आवाज काढणार. सुभाष देसाई हा जिवलग मित्र. चाहते त्याला लाडाने ‘फाफे’ म्हणतात. एकूण पुस्तकं २०. काश्मीर, प्रतापगड, जंगल, चक्रीवादळ, विमानचोर असं काहीबाही नुसत्या नावांमधूनच समजतं.

एक खुलासा. त्याला डिटेक्टिव्ह म्हणायची पद्धत असली तरी तो खुर्चीत बसून तर्क लढवणारा गडी नाही. त्याला स्वस्थ बसवत नाही, एवढंच त्याचं भांडवल. बाकीचे लोक जे बघून पुढे जातात, तिथे हा थांबतो, आणि बाकीचे थांबतात तिथे हा पुढे जातो.

पहिल्यांदा कुठे भेटला?

मिरजेत, चौथीच्या सुट्टीत, एका वाचनालयात. वर्गणी वडील भरायचे आणि कार्डावर एका वेळी एकच पुस्तक मिळायचं. सकाळी नेलेलं पुस्तक संध्याकाळी परत आणलं तर वाचनालयातले काका वैतागायचे. “वाचलंस की नुसतं उलटलंस?” असं विचारून मधल्याच एखाद्या पानावरचा प्रश्न टाकायचे. त्या तोंडी परीक्षेत मी कधी नापास झालो नाही. शाळेच्या परीक्षांबद्दल तसं सांगता येणार नाही.

पुस्तकांना खाकी कागदाचं कव्हर, पाठीवर पांढऱ्या शाईने नंबर, आणि मधल्या पानांवर गोल शिक्का, तोही नेमका चित्रातल्या चोराच्या तोंडावर. एका पुस्तकाचं शेवटचं पान फाटलेलं होतं. मी काकांना दाखवलं तर त्यांनी माझ्याकडेच संशयाने बघितलं. ते पान माझ्या आधीच्या कुणीतरी नेलं होतं, पण मिरजेतला तो गुन्हा आजवर उघडकीला आलेला नाही.

मग मी काय केलं, तर शेवट स्वतः रचला. वर्गातल्या पोरांना सांगितला. कुणीतरी म्हटलं, “हे बरोबर वाटत नाही,” म्हणून दुसरा रचला. पावसाळा लागेपर्यंत माझ्याकडे त्या पुस्तकाचे तीन शेवट होते आणि तिन्ही मला खरे वाटत होते. त्या पानाकडे पुढे येतोच.

गुन्हेगार कोण हे पाठ असताना पुन्हा वाचण्यात काय मजा?

मला सगळ्यात जास्त वेळा पडलेला प्रश्न हाच, आणि उत्तर वयाप्रमाणे बदलत गेलं.

दहाव्या वर्षी मी पुढे काय होतं ते बघायला वाचायचो. पंधराव्या वर्षी पुन्हा वाचलं ते चूक पकडायला. तेव्हा मला सगळ्यांच्याच चुका पकडायची हौस आली होती. चाळिशीत पोचल्यावर लक्षात आलं की आपण आता रहस्याकडे बघतच नाही, भागवतांच्या हाताकडे बघतोय. जादूगाराचा पत्ता कुठून निघणार हे माहीत झालं की नजर पत्त्यावरून बोटांवर जाते, तसं. प्रकरण कुठे तोडलंय? पहिला धागा कुठल्या फालतू वाक्यात लपवून ठेवलाय? सुभाषने मारलेला विनोद नुसता विनोद आहे की आपलं लक्ष दुसरीकडे नेण्यासाठी आहे? भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला होता. गोष्ट पळवायची कशी आणि दमछाक झाल्यावर वाचकाला पाणी कुठे द्यायचं, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलं होतं. त्यांचं मराठी उड्या मारत चालतं. म्हणी वाकड्या करतं, आवाज काढतं, मध्येच कोटी करून साळसूदपणे पुढे निघून जातं.

दुसरं कारण जरा अडचणीचं आहे. पूर्वी मी सायकलवर असायचो. आता तोच प्रसंग वाचताना मी घरी वाट बघत बसलेल्या माणसांत असतो. पोरगं रात्रभर बाहेर, फोन नाही, निरोप नाही, बरोबर कोण तेही माहीत नाही. लहानपणी ही पानं मी धाडस म्हणून वाचली. आता वाचताना पोटात गोळा येतो, आणि सगळं सुखरूप होणार हे पाठ असूनही येतो. एकाच पुस्तकात दोन वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसायला मिळतं. हे नव्या रहस्यकथेत मला मिळत नाही, कारण तिथे मी अजून पहिल्याच खुर्चीत असतो.

म्हणजे लहानपणात परत जायचं असतं, असंच ना?

नाही हो. मिरजेतल्या त्या उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी भरावं लागायचं आणि मला गालगुंड झाले होते. तिकडे परत कोण जाईल?

वाचताना आता काय खटकतं?

बरंच काही. आवडत्या माणसाबद्दल हे बोलायला हरकत नसावी.

मुली फार कमी. माली मधूनमधून येते, आणि आली की गोष्टीत जान येते, पण बहुतेक वेळा मोहिमेवर पोरंच. माझ्या धाकट्या बहिणीने हीच पुस्तकं माझ्यानंतर वाचली. मी तिला विचारलं, “तू कोण व्हायचीस?” ती म्हणाली, “फेणेच. दुसरं कोण होण्यासारखं होतं?” त्या उत्तरावर मी बरेच दिवस विचार केला.

खलनायक दुरून ओळखू येतात. योगायोगांना सुट्टी नसते. पोलीस एका शाळकरी पोराचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतात, ही तर मला आता सगळ्यात अद्भुत गोष्ट वाटते. आणि त्या जगातली घरं बहुतेक एकाच थराची, पुस्तकांनी भरलेली, सुट्टीत कुठेतरी जाणारी. आमच्या वर्गातली निम्मी पोरं सुट्टीत वडिलांच्या दुकानावर बसायची. त्यांना फेणे आवडायचा, पण ते त्याला आपल्यातला समजत नसत. मी समजत होतो. त्यात माझी हुशारी काही नव्हती, माझे वडील कारकून होते इतकंच.

फेणे, फेलूदा की फेमस फाइव्ह?

हा भांडण लावायचा प्रश्न आहे, तरी उत्तर देतो.

सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा पहिल्यांदा १९६५ मध्ये ‘संदेश’ या बंगाली मुलांच्या मासिकात आला. मराठीत तो अशोक जैन यांच्या अनुवादातून आला, रोहन प्रकाशनाने काढला, आणि मला तो तिशीनंतर भेटला. डोक्याने तो फेण्याच्या चार इयत्ता पुढे आहे. स्वतःच्या मेंदूला तो ‘मगजास्त्र’ म्हणतो आणि ते त्याला शोभतं. एका कथेत प्राचीन मूर्तींची तस्करी करणाऱ्यांच्या मागावर तो वेरूळला येतो. आपलं कैलास लेणं एका कलकत्तेकराच्या नजरेतून बघताना मला उगाच यजमानासारखं वाटलं होतं. पण फेलूदाबरोबर मी चालतो तो त्याच्या चुलतभावासारखा, तोपशेसारखा, चार पावलं मागून, आदराने. फेण्याच्या मागे मी कॅरियरवर बसतो.

एनिड ब्लायटनचे फेमस फाइव्ह १९४२ ते १९६३ या काळात २१ पुस्तकांतून भटकले. मी ते कॉलेजात असताना डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचले. रहस्यापेक्षा त्यांचे डबे लक्षात राहिले. ही पोरं सारखी जिंजर बीअर पितात हे वाचून मी हादरलो होतो. एवढीशी पोरं, आणि आईवडील काही बोलत नाहीत? ते आल्याचं सरबत असतं हे कळायला दोन वर्षं गेली.

अर्नाळकर वाचले का?

चोरून. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले झुंजार आणि काळापहाड आमच्या घरी मोठ्यांसाठी होते, म्हणजे गादीखाली होते. पुढे सुहास शिरवळकर आले. त्यांच्या नायकांची चर्चा कॉलेजच्या कट्ट्यावर उघडपणे करता यायची. पण ही पुस्तकं मी आता पुन्हा उघडली की वीस पानांत थांबतो. तेव्हाची धडधड आठवते, होत नाही.

मोठेपणी कळलेली एखादी वाईट बातमी?

हार्डी बॉइज या इंग्रजी रहस्यकथांचा लेखक फ्रँकलिन डिक्सन नावाचा कुणी माणूसच नव्हता. एडवर्ड स्ट्रेटमायर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने पुस्तकांचा कारखाना काढला होता. कथानकाचा आराखडा तिथून मिळायचा, लिहिणारे वेगवेगळे, आणि वर छापायचं नाव ठरलेलं. १९२७ मध्ये आलेली सुरुवातीची पुस्तकं लेस्ली मॅकफार्लेन या कॅनडातल्या लेखकाने लिहिली. रहस्यं सोडवणारी नॅन्सी ड्रू १९३० मध्ये आली तीही तिथूनच. पुढे १९५९ पासून जुनी पुस्तकं कापून, बदलून नव्याने काढली. म्हणजे बाप-लेक दोघांनी एकाच नावाचं पुस्तक वाचलेलं असायचं आणि गोष्ट वेगळीच निघायची. मी हे वाचलं तेव्हा फ्रँकलिनकाकांना मनातल्या मनात लिहिलेली पत्रं आठवली.

तेव्हापासून मला भागवतांबद्दल जास्तच माया वाटते. ते खरोखर होते. पत्नी लीलावती भागवत, त्याही मुलांसाठी लिहिणाऱ्या. ‘बालमित्र’ नावाचं मासिक या माणसाने मुलांसाठी चालवलं. बिपीन बुकलवार नावाचा आणखी एक पोरगा त्यांनी घडवला, पुस्तकांचा किडा, वाचलेल्या गोष्टींतून कोडी सोडवणारा. फेणे व्हायला मला जमलं नाही, सायकल चालवताना मी अजूनही डाव्या हाताला वळायला घाबरतो. बुकलवार व्हायला मात्र जमलं. २००१ साली भागवत गेल्याची बातमी पेपरात वाचली त्या दिवशी मी ऑफिसात कुणाला काही सांगितलं नाही. कोण गेलं, नात्यातलं कोण होते, असे प्रश्न आले असते.

सिनेमा कसा वाटला?

२०१७ चा. पहिला अर्धा तास मी रागावून बसलो होतो, कारण त्यात फेणे मोठा झालेला आहे, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्याला येतो वगैरे. माझा फेणे मोठा होत नाही. मी त्याच्यासाठी ते काम करतो आहे. पण अमेय वाघने ‘टॉक्’ केलं आणि मागच्या रांगेतून एक पन्नाशीच्या बाई जोरात हसल्या, तेव्हा राग गेला. सगळ्यात आवडलं ते हे की सिनेमात खुद्द भागवत एक पात्र म्हणून आहेत, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात. लेखकाला त्याच्या पोराशी बोलताना बघणं हे माझं जुनं स्वप्न होतं.

त्याआधी ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मालिका होती, सुमीत राघवन फेणे. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारी बघायला जायचो, आणि ऐन मोक्याला वीज जायची. थोडक्यात, तिथेही शेवट मला मिळाला नाही.

फुरसुंगीला गेलात का कधी?

गेलो ना. दहाएक वर्षांपूर्वी, पुण्यात एका मुंजीला गेलो असताना. बायकोला सांगितलं, मित्राच्या गावी जाऊन येतो.

पुणेकरांना आता फुरसुंगी म्हटलं की कचरा डेपो आठवतो. उरुळी देवाची-फुरसुंगीचा डेपो, गावकऱ्यांची आंदोलनं, अडवलेल्या गाड्या. एका बाजूला आयटी पार्कच्या काचेच्या इमारती. हडपसरपासूनच वाहतूक अशी तुंबलेली की सायकल आणली असती तर बरं झालं असतं. एका टपरीवर चहा घेतला आणि धीर करून विचारलं, “इथले फेणे कुठे राहतात हो?” चहावाल्याने गाळणी थांबवली, विचार केला आणि म्हणाला, “कोणते फेणे? काय करतात?” मी म्हटलं, “सायकल चालवतात.” तो म्हणाला, “मग नसतील आता. सायकलवाले गेले सगळे.”

मी मिरजेचा. पुणं मी आधी पुस्तकांत पाहिलं आणि मग कोयना एक्स्प्रेसने जाऊन पाहिलं. पुस्तकात पेठा, पूल, रस्ते अर्ध्या पानात पार होतात. प्रत्यक्षात मला तेच अंतर चालायला पाऊण तास लागला. पंधरा वर्षांचा होतो, पाय दुखत होते, आणि मनात फक्त एवढंच आलं की हा पोरगा खरंच फास्टर असला पाहिजे.

कुठल्या पुस्तकापासून सुरुवात करावी?

जे हाताला लागेल त्यापासून. क्रमाने वाचायचा आग्रह धरणारे लोक असतात, आणि ते ताटातल्या मीठ-लिंबापासून क्रमाने जेवतात. आम्ही लायब्ररीत असलेलंच पुस्तक आधी वाचलं आणि आमचं काही बिघडलं नाही.

जुन्या प्रती मिळतात का? किती पैसे द्यावेत?

वाचायचंच असेल तर पुण्याच्या उत्कर्ष प्रकाशनाचा नवा संच घ्या, वीसही पुस्तकं एकदम येतात. जुन्या प्रतीचं वेड वेगळं. अप्पा बळवंत चौकात, हुतात्मा चौकाच्या फुटपाथवर नशिबाने एखादी मिळते. खरेदीचा माझा एकच नियम: विकणाऱ्याला आपला आनंद दिसू देऊ नये. मी तो दर वेळी मोडतो आणि दर वेळी जास्त पैसे देतो. आत कुणाचं नाव लिहिलेलं असेल तर ती प्रत मी हमखास घेतो. माझ्याकडे एक आहे, ‘वाढदिवसानिमित्त, आत्याकडून’ असं लिहिलेली. पुढे त्याच पानावर पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात: ‘मला बॅट हवी होती.’

माझा मुलगा वाचतच नाही. त्याला फेणे देऊ का?

देऊ नका. घरात कुठेतरी पडू द्या. दिलेलं पुस्तक अभ्यासासारखं दिसतं.

मी दोन प्रयोग केले. भाची आठ वर्षांची होती तेव्हा रोज रात्री वाचून दाखवायचो, आणि प्रकरण संपायच्या आधीच, ऐन दाराला कडी वाजते तिथे, दिवा बंद करायचो. चौथ्या रात्री ती म्हणाली, “मामा, तू झोप, मी बघते पुढे काय ते.” काम झालं. माझ्या स्वतःच्या मुलीवर हीच युक्ती सपशेल फसली. ती म्हणाली, “बाबा, त्याने पोलिसांना लोकेशन का नाही पाठवलं?” तिला मोबाइलविना जग समजावून सांगताना माझंच प्रकरण लांबलं. ती आता भुताच्या गोष्टी वाचते, त्याही इंग्रजीतल्या, आणि रात्री माझ्याआधी दिवा बंद करायला तयार नसते. तिचं बरं चाललंय.

त्या फाटलेल्या पानाचं काय झालं?

तेहेतिसाव्या वर्षी पहिल्यांदा पूर्ण संच विकत घेतला. ते पुस्तक वरच होतं. आठ दिवस उघडलं नाही. माझे तीन शेवट तेवीस वर्षं माझ्याजवळ होते, आणि आता त्यांतले किमान दोन खोटे ठरणार होते. नवव्या दिवशी, ठाकुर्लीच्या आसपास गाडी सिग्नलला उभी असताना वाचून टाकलं.

काय होतं ते सांगणार नाही. पुस्तक कुठलं तेही नाही. एवढंच सांगतो की चौथीतल्या त्या पोराचा दुसरा शेवट बराच जवळ गेला होता, आणि पहिला भागवतांपेक्षा चांगला होता.

तुमचा संच वाचायला न्यायला देता का?

नाही. घरी या, इथेच बसून वाचा, चहा देतो. निघताना शेवटचं पान जागेवर आहे का ते मी तपासतो, त्याचा राग मानू नका.